सोबत्यांनी सोबत राहावे काय?

ज्या प्रकाराला मराठीत अद्याप धड नावही मिळालेले नाही, त्याची समीक्षा या पानांवर करावी की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे भूमिकाप्रधान खेळ, म्हणजे आपल्या घरातील मुले ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात ते, वाङ्मय आहेत की निव्वळ करमणूक, हा वाद मी येथे उकरून काढू इच्छीत नाही. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच की, त्यांतील चांगले खेळ पन्नास-पन्नास, शंभर-शंभर तासांची कथा सांगतात. त्या कथेत माणसे असतात, ती बोलतात, रुसतात, मरतात. आणि जेथे माणसे आली तेथे ती खरी वाटतात की नाहीत, हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला आपोआपच प्राप्त होतो.

या खेळांची घडण थोडक्यात सांगतो. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. खेळणारा एका नायकाची भूमिका घेतो. वाटेत त्याला एकेक सोबती भेटत जातो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. त्यांची टोळी बनते व ती पुढचा प्रवास करते. लढाईत कोणी काय करावे हे बहुधा खेळणाराच ठरवितो. परंतु मुक्कामावर हे सोबती आपापली गाऱ्हाणी आणि आपापली पूर्वायुष्ये घेऊन त्याच्याशी बोलू लागतात. खेळ संपवून कित्येक वर्षे लोटली तरी लक्षात राहतात ते राक्षस नव्हेत, तर हे सोबतीच. साहजिकच या खेळांच्या रसिकांत एक प्रश्न पुनःपुन्हा निघतो. या सोबत्यांनी अखेरपर्यंत एकत्र राहावे काय? कथाकाराने त्यांना फोडावे, पांगवावे, एखाद्याला मारावे, हे योग्य की रसभंग करणारे? बहुमत एकत्र राहण्याच्या बाजूचे आहे. एवढे तास ज्यांच्याबरोबर घालविले त्यांना कोणी आपल्यापासून हिरावून घेऊ नये, ही भावना स्वाभाविक आहे. तथापि ती मान्य केली तर या खेळांतील उत्तम ते सारे बाद करावे लागेल, असे मला वाटते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींसाठी वसविलेल्या ज्या नंदिनी नगरात बसून मी हे लिहीत आहे, तेथील वसाहतीत माणसे निरनिराळ्या प्रांतांतून आली आणि नोकरीच्या हिशेबाने परत गेली. शेजारच्या क्वार्टरमधील कुटुंब ट्रकवर सामान लादून निघाले म्हणजे महिनाभर त्या दाराकडे पाहवत नाही. नंतर तेथे नवे तोरण लागते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य बदलीच्या हुकुमांवर चालत असल्याने त्यांना हे निराळे सांगावयास नको. मी हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. सोबत म्हणजे काय, याविषयी बदलीवर जगणाऱ्या माणसाची कल्पना आणि वाडवडिलांच्या गावी राहणाऱ्याची कल्पना यांत फरक पडतो, आणि तो फरक एखाद्या खेळाचे मूल्यमापन करतानाही जाणवल्यावाचून राहत नाही.

प्रथम जुना खेळ घेऊ. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने १९९८ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ काढला. त्यात नायक धरून सहाजणांची टोळी करता येते. भेटणारे सोबती मात्र वीसहून अधिक आहेत, तेव्हा कोणाला घ्यावे आणि कोणाला नको म्हणावे हा प्रश्न पहिल्या तासापासूनच उभा राहतो. शिवाय हे सोबती काही गाठोडी नव्हेत. सज्जनांना दुर्जनांचा सहवास खपत नाही. काहीजण एकमेकांवर शस्त्रे उपसतात. नायकाच्या नावलौकिकाचा एक आकडा खेळ ठेवीत असतो. तो फार घसरला की भली माणसे टोळी सोडून जातात आणि फार वाढला की दुष्ट माणसे कंटाळून निघून जातात. हा दुसरा नियम मला मोठा मार्मिक वाटतो. चांगुलपणानेही माणसे दुरावतात, ही गोष्ट कथाकारांना बहुधा सांगवत नाही.

या खेळातील माझी आवडती योजना जोडप्यांची आहे. खालिद आणि जहीरा हे पती-पत्नी. तो बोलताना अडखळणारा, भिडस्त. ती करारी, फटकळ. ही दोघे येतात ती एकत्र आणि एकाला निरोप दिला की दुसराही निघतो. टोळीत एकच जागा रिकामी असली तर खेळणाऱ्याची अडचण होते. केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याने पती-पत्नी दोघेही नोकरीत असल्यास त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे कार्यालयीन ज्ञापन १९८६ मध्ये काढले व २००९ मध्ये त्याचा पुन्हा जोरकस पुरस्कार केला. त्यातील ‘शक्यतो’ या शब्दाचे वजन किती, हे ज्यांनी अर्ज केले आहेत त्यांना माहीत आहे. ‘बाल्डर्स गेट’मध्ये ‘शक्यतो’ नाही. तेथे नियम निरपवाद आहे. दोन वर्षांनी, म्हणजे २००० मध्ये, या खेळाचा दुसरा भाग आला, आणि त्याच्या आरंभीच्या तळघरात जहीरेला खालिदचे प्रेत सापडते. खेळणाऱ्याने पहिल्या भागात त्या दोघांना कितीही जपले असले, तरी काही फरक पडत नाही. ज्या दोघांना खेळाने एकमेकांपासून वेगळे होऊच दिले नव्हते, त्यांतील एकाला त्याने पडद्याआड मारून टाकले. अनेकांना हा अन्याय वाटला. मला तर दुसऱ्या भागातील जहीरेच्या प्रत्येक फटकळ वाक्याला त्यामुळेच धार आल्यासारखी वाटते. ज्याच्यावर ती चिडावयाची तो आता नाही.

परंतु या खेळाचा दोषही येथेच सांगितला पाहिजे. सोबती निघून जातो तो नावलौकिकाच्या आकड्यामुळे. म्हणजे नायकाचा एक गोपनीय अहवाल कोठे तरी लिहिला जात असतो, आणि त्यातील शेरा विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की माणूस चालू लागतो. तो निघताना दोन रागाची वाक्ये बोलतो खरा; पण वास्तविक तो रागावलेला नसतो, आकडा भरलेला असतो. खऱ्या माणसांचे दुरावणे असे होत नाही. ती पुष्कळदा सर्व आकडे अनुकूल असताना जातात, आणि कित्येकदा प्रतिकूल असूनही राहतात.

त्याच संस्थेचा २०१० मधील ‘मास इफेक्ट २’ हा खेळ या बाबतीत पुढे गेला असे सर्वत्र मानले जाते. मला तो मागे गेलेला वाटतो. त्याची कल्पना भव्य आहे. परत येण्याची शाश्वती नाही अशा मोहिमेवर नायक आपले सोबती गोळा करून निघतो. प्रत्येक सोबत्याचे एक अडलेले खासगी काम असते. ते नायकाने पार पाडले की तो सोबती त्याला एकनिष्ठ होतो. ही कामे राहिली, अथवा शेवटच्या लढाईत चुकीच्या जागी चुकीचा माणूस नेमला, तर सोबती मरतात. अगदीच गलथानपणा केला तर नायकही मरतो. याउलट सगळी कामे वेळेवर उरकली आणि नेमणुका नीट केल्या, तर एकही माणूस न गमावता परतता येते. परिणाम असा झाला की, हा खेळ खेळणारे बहुतेक लोक मार्गदर्शिका समोर ठेवून सर्वांना वाचवितात, आणि त्यालाच उत्तम शेवट म्हणतात.

कारकुनी करणाऱ्या माणसाला यातील गंमत चटकन कळते. प्रलंबित प्रकरणांची यादी करावी, एकेक निकालात काढावे, आणि वर्षअखेरीस शून्य शिल्लक दाखवावी! मृत्यूच्या दारात निघालेल्या माणसांची निष्ठा जर आवक-जावक वहीप्रमाणे मिळवता येत असेल, तर ती निष्ठा नव्हे. तो मोबदला होय. मी हे काहीशा कठोरपणे म्हणतो, कारण या खेळातील सोबत्यांची चित्रे स्वतंत्रपणे पाहता फार सुरेख आहेत. त्यांचे संवाद जिवंत आहेत, आणि चुकीच्या नेमणुकीमुळे एखादा पडला तर ती बोच दीर्घकाळ राहते. बिघडले ते ‘सर्वजण वाचले’ या बक्षिसापाशी. एकत्र राहणे हे जेथे कौशल्याचे पारितोषिक झाले, तेथे ते नात्याचे लक्षण उरले नाही.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ मधील ग्रंथात लयीची जी तत्त्वे मांडली, संवाद, विरोध आणि समतोल, ती मनात ठेवून या टोळ्यांकडे पाहावे असे मी सुचवीन. मर्ढेकरांसमोर काव्य होते हे खरे. पण घटकांच्या परस्परसंबंधांतून आकृती सिद्ध होते, हा त्यांचा विचार येथेही उपयोगी पडतो. टोळीतील सगळे सदैव एकत्र असले म्हणजे संवाद तेवढा राहतो. विरोध येतो तो कोणी तरी उठून गेल्याने किंवा जाण्याची खरोखरीची शक्यता असल्याने. आणि समतोल म्हणजे गेलेल्याच्या जागी दुसरा आणून बसविणे नव्हे. रिकामी जागा रिकामी ठेवूनही आकृती तोल साधू शकते. भट्टीत लोखंडाच्या खनिजाबरोबर जाणारी आमच्या येथील चुनखडी लोखंडात राहत नाही; मळी होऊन वेगळी निघते. म्हणून तिच्यावाचून भट्टी चालेल असे कोणी म्हणत नाही.

ही आकृती ज्यात पूर्णत्वाने साधली आहे असा माझ्या मते एकच खेळ आहे, आणि तो वरील सर्वांहून जुना आहे. जपानच्या स्क्वेअर या संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘फायनल फँटसी सहा’. आजच्या दृष्टीने त्याची चित्रे बाळबोध आहेत. अंगठ्याएवढी माणसे, तीही मान हलवून किंवा हात वर करूनच काय ती भावना दाखविणार. असे चौदा सोबती त्यात आहेत, आणि विशेष म्हणजे त्यांत नायक असा एक कोणी नाही.

खेळाच्या मध्यावर एक घटना आहे. केफ्का नावाचा विदूषकी खलपुरुष जगाचा तोलच बिघडवितो, भूमी दुभंगते, आणि सोबती चहूकडे फेकले जातात. त्याच्या अगोदरच्या क्षणापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या तरंगत्या बेटावर हे घडते ते कोसळू लागलेले असते. पडद्यावर घड्याळ उलटे धावत असते. टोळी विमानाजवळ कड्यावर पोचते. खेळ विचारतो, उडी मारावयाची की थांबावयाचे? मागे शॅडो राहिलेला असतो. हा शॅडो भाडोत्री मारेकरी. बरोबर एक कुत्रा. खेळाच्या पूर्वार्धात लढाई संपताच तो कोणत्याही क्षणी, काही न सांगता टोळी सोडून निघून जाऊ शकतो, आणि जातोही. असा माणूस, ज्याने कधी सोबतीचे वचन दिले नाही, त्याच्यासाठी कोसळत्या कड्यावर थांबावे काय? तो येईल असे आश्वासन खेळ देत नाही. थांबलात तर घड्याळात अवघी पाच सेकंदे उरतात तेव्हा तो धावत येतो. उडी मारलीत तर तो कायमचा गेला. उर्वरित खेळात त्याची गाठ पडत नाही. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने बिनदिक्कत उडी मारली आणि पुढे कित्येक तास त्याला आपण काय गमावले याचा पत्ताही नव्हता. खेळ त्याला रागावला नाही, आकडा कमी केला नाही. एक माणूस कथेत नाही, एवढेच झाले. हे मला फार थोर वाटते.

त्यानंतर वर्षाने सेलीस नावाची स्त्री एका ओसाड बेटावर जागी होते. जवळ फक्त तिचा वृद्ध पालक सिड, तोही आजारी. खेळणाऱ्याने समुद्रातून मासे धरून त्याला खाऊ घालावयाचे. चपळ मासे चांगले, मंद मासे वाईट. पण हे कोणी सांगत नाही. मंद मासे धरले गेले तर म्हातारा मरतो, आणि जगात आपण एकट्याच उरलो असे वाटून सेलीस कड्यावरून स्वतःला झोकून देते. ती वाचते. शुद्धीवर आल्यावर तिला एक जखमी पक्षी दिसतो. त्याच्या जखमेला बांधलेले फडके तिच्या एका सोबत्याच्या डोक्याला असलेल्या रुमालासारखे असते. एवढ्या पुराव्यावर ती तराफा घेऊन निघते. पडद्यावरच्या या अंगठ्याएवढ्या बाईने, कोणी तरी जिवंत असावे या नुसत्या अनुमानावर समुद्र ओलांडावा, यापेक्षा सोबतीविषयी अधिक काय सांगावयाचे असते?

आणि आता खेळाची खरी कसोटी येते. येथून पुढे सोबती गोळा करणे सक्तीचे नाही. सेलीस, एडगर आणि सेट्झर ही तिघे एकत्र आली, विमान मिळाले, की खेळणारा थेट केफ्काच्या बुरुजावर चाल करू शकतो. बाकीचे कोठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, याची चौकशी न करता जग वाचविता येते. खेळ तुम्हांला अडवीत नाही. तुम्ही त्यांना शोधीत गेलात तर त्याचे कारण नियम नव्हे. तुम्हांला ती माणसे हवी आहेत, हे एकच.

शोधीत गेल्यावर काय दिसते? ज्याला त्याला आपले जग सापडलेले असते. टेरा उद्ध्वस्त मोब्लिझ गावातील पोरक्या मुलांना सांभाळीत बसलेली असते व पहिल्या भेटीत बरोबर येण्यास साफ नकार देते. तिचा नकार हा भ्याडपणा नव्हे, हे खेळणाऱ्यालाही पटते. मुलांना सोडून जुन्या टोळीत परतणे हाच येथे विश्वासघात ठरला असता. सायन हा प्रौढ योद्धा, ज्याचे सारे कुटुंब मारले गेले आहे, तो डोंगरावर एकटा राहून एका मृत सैनिकाच्या नावाने त्याच्या प्रेयसीला पत्रे लिहीत असतो, कबुतरांबरोबर फुले धाडीत असतो. तिला तो जिवंत आहे असे वाटावे म्हणून! परगावी राहून घरी खुशालीची पत्रे लिहिणाऱ्या कोणालाही, आता पत्रांच्या जागी फोन आला असला तरी, या प्रसंगात आपले काही सापडेल. सायन बरोबर येतो, पण आपले लिहिणे पकडले गेल्याच्या संकोचाने येतो. या दोन प्रसंगांत खेळाने पांगण्याला तोटा मानलेले नाही. एकत्र असताना ही माणसे लढाऊ होती. पांगल्यावर ती कोणाची तरी झाली.

शेवटचा बुरुजही त्याच विचाराने बांधला आहे. तेथे सर्वांनी एकत्र जाता येत नाही. टोळीच्या तीन तुकड्या कराव्या लागतात. तीन वाटांनी त्या निघतात, आणि एका तुकडीने कळ दाबली म्हणजे दुसरीचे दार उघडते. आपण ज्यांच्यासाठी दार उघडले ती माणसे आपल्याला दिसत नसतात. खेळाच्या यंत्रणेतच अर्थ असा विणलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. ‘सोबत राहावे काय’ या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर संवादांतून देता आले नसते.

अखेर केफ्का संपतो आणि बुरुज ढासळू लागतो. एकेक सोबती कसाबसा बाहेर पडतो. ज्यांना तुम्ही शोधले नसेल ते अर्थातच त्या दृश्यांत नसतात. आणि शॅडो, ज्याच्यासाठी तुम्ही कोसळत्या कड्यावर पाच सेकंदे उरेपर्यंत थांबला होतात, तो आपण होऊन मागे राहतो. आता त्याला कोठे पळावयाचे नसते. त्याला थांबवून धरण्याचा पर्याय खेळ देत नाही. तुमचे थांबणे वाया गेले काय? बहुमताच्या हिशेबाने होय. माझ्या मते, तुमच्या थांबण्याने त्याला जगण्याची वेळ मिळाली. ती कशी खर्चावी हे ठरविणे त्याचे होते.

शॅडोच्या कुत्र्यावरून महाप्रस्थान आठवल्यावाचून राहत नाही. पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा, ही आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध टोळी. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो व युधिष्ठिर एकेकाचा दोष सांगतो. हिचा अर्जुनाकडे ओढा, याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा. हे दोषांचे पाढे वाचताना मला ‘बाल्डर्स गेट’मधील तो आकडा आठवतो. धर्मराज मागे वळूनही पाहत नाही. पण व्यासांनी तेथेच सोडले असते तर ती कथा हिशेबाची झाली असती. इंद्राचा रथ येताच हाच धर्मराज प्रथम मागणी करतो ती भावांची आणि द्रौपदीची. मग कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो. आणि पुढे नरकात भावांचे आवाज कानी पडल्यावर देवदूताला परत पाठवून तेथेच राहावयास तयार होतो. वाटेवर ज्याने साथ सोडली असे वाटते, त्याने ती मुक्कामावर पाळली.

इरावती कर्व्यांना मात्र वाटेवरचे ते न थांबणे सहन झाले नसावे. १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये त्यांनी पडलेल्या द्रौपदीजवळ भीमाला आणून बसविले आणि त्या दोघांचे अखेरचे बोलणे कल्पिले. मूळ कथेत कारण विचारणारा भीम त्यांच्या लेखणीखाली कारण विचारीत नाही, जवळ बसतो. विद्वानांनी यावर आक्षेप घ्यावयाचे ते घ्यावेत. मला त्यात आपल्या भाषेतील एका लेखिकेने व्यासांच्या खेळात ‘थांबा’ हा पर्याय घालून दिल्यासारखे वाटते.

आपल्याकडचा खेळ म्हणून २०२० मधील ‘राजी’चा उल्लेख करावयास हवा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तो केला. तो भूमिकाप्रधान खेळांत मोडत नाही व त्यात टोळीही नाही. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधीत राजी ही डोंबारी खेळ करणारी मुलगी एकटी फिरते, एवढीच कथा. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसांत बोलतात. त्याचा शेवट मला अर्धवट सोडल्यासारखा वाटला. पण भाऊ जवळ नाही म्हणूनच तो सबंध खेळभर आहे, हे सूत्र त्यांना पक्के सापडले आहे. पुढे पुण्याहून असाच सोबत्यांचा मोठा खेळ निघाला, तर त्यातील माणसे बदलीचे आणि स्थलांतराचे अनुभव घेऊन यावीत, अशी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.

आता अगदी अलीकडचे. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ प्रसिद्ध केला. त्यात चौघेजण बरोबर चालतात व उरलेले मुक्कामावर वाट पाहतात. दिवसभर ज्यांना नेले नाही त्यांनी रात्री शेकोटीपाशी तितक्याच आपुलकीने बोलावे, ही सोय मला प्रथम खोटी वाटली; पुढे तीत घराची ऊब आहे हे जाणवले. येथेही नियम आहेत. निर्वासितांच्या वस्तीवर तुम्ही हल्ला करविलात तर विल आणि कार्लॅक ही दोघे तुम्हांला सोडतात, आणि येथे ती आकडा भरला म्हणून जात नाहीत; तुम्ही काय केले हे त्यांनी पाहिलेले असते, म्हणून जातात. ‘मास इफेक्ट’च्या मानाने ही सुधारणा लहान नाही. कार्लॅकच्या छातीत हृदयाच्या जागी धगधगते यंत्र आहे आणि ते तिला फार दिवस जगू देणार नाही. ती ज्या नरकातून पळून आली तेथेच परत गेली तर तगेल. सगळी कामे चोख उरकूनही तिला सोयीचा शेवट मिळत नाही; ज्यांना यादीवर टिचक्या मारून सर्वांना वाचविण्याची सवय लागली होती त्यांना हे बरेच झोंबले.

मूळ खेळ संपे तो काहीसा घाईत. नोव्हेंबर २०२३ मध्ये कर्त्यांनी त्याला एक उपसंहार जोडला. सहा महिन्यांनंतरची एक रात्र. विदर्स नावाचा सांगाडेवजा यजमान जुन्या मुक्कामावर सर्वांना बोलावतो. अन्न, दिवे, वाद्ये, गप्पा. एरवी रसिकांच्या आग्रहास्तव जोडलेल्या गोड शेवटांविषयी मी साशंक असतो. हा शेवट मात्र मला पटला, तो एवढ्यासाठी की त्यात सोबती सोबत राहिलेले नाहीत. प्रत्येकजण कोठून तरी आलेला आहे आणि उजाडता परत जावयाचा आहे. बोलणी चालतात ती सध्या कोठे असता, काय करता, अशीच. कार्लॅक नरकात गेली असेल तर तेवढ्या रात्रीपुरती येते. लेझेल दूरच्या युद्धावर गेली असेल तर देहाने न येता छायारूपाने हजर होते. ज्यांना येणे जमले नाही अशा वाटेवरच्या कित्येकांची पत्रे तेथे ठेवलेली असतात. ती उघडून वाचण्यातच माझा त्या रात्रीचा निम्मा वेळ गेला.

एक उणीव तेवढी नमूद करतो. यजमानाने बोलावले, तारीख ठरली, आणि जे जिवंत आहेत, ज्यांच्याशी बिघडले नाही, ते सर्व वेळेवर पोचले. रजा नामंजूर झाली म्हणून ज्याचे ताट तसेच राहिले, असा त्या पंगतीत एकही नाही.